सोबतीचा गुण

तामिळनाडूत रामनाथपुरम जिल्ह्यात एरवाडी नावाचं गाव आहे. तिथल्या दर्ग्यात मनाचा तोल गेलेल्याला गुण येतो, अशी लांबवर ख्याती. तिथलं पाणी प्यायचं, दिव्याचं तेल अंगाला लावायचं आणि स्वप्नात घरी जाण्याचा हुकूम मिळेपर्यंत थांबायचं. अशा थांबणाऱ्यांसाठी भोवती खासगी निवासगृहं निघाली. नातेवाईक पैसे भरून माणूस ठेवत आणि परत जात. तो पळू नये म्हणून पायात साखळी.

६ ऑगस्ट २००१ च्या पहाटे अशाच एका निवासगृहाला आग लागली. साखळ्यांत अडकलेल्यांना पळताही आलं नाही. २८ जीव गेले. सर्वोच्च न्यायालयानं आपणहून दखल घेतली.

सगळा दोष अंधश्रद्धेचा, असं म्हणून आपण मोकळे होतो. पण त्याच राज्यातली आधीच्याच वर्षीची दुसरी हकिकत ऐका. बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेच्या संशोधकांनी मुथुस्वामींच्या मंदिरात आलेल्या ३१ रुग्णांची पाहणी केली. बहुतेकांना स्किझोफ्रेनिया होता. सोबत घरचं माणूस, राहणं फुकट, झाडलोट, झाडांना पाणी घालणं, सकाळची पूजा. औषध नाही. सरासरी पाच-सहा आठवड्यांत लक्षणं सुमारे पाचव्या हिश्शानं उतरली. २००२ मध्ये हे ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये छापून आलं. पाहणी लहान होती, तुलनेला दुसरा गट नव्हता. तेव्हा देवळात आजार बरा होतो, असा अर्थ त्यातून काढता येणार नाही. पण आधार देणाऱ्या जागेचा आणि सोबतीचा गुण येतो, एवढं त्यातून जरूर सुचतं.

माणसं देवाच्या दारी का जातात? तिथं ‘बाहेरची बाधा’ म्हटलं की घराण्याला बट्टा लागत नाही. दवाखान्याची पायरी चढली की ‘वेडा’ हा शिक्का बसतो. शिवाय गावाजवळ मनाचा डॉक्टर असतोच कुठं?

नरेंद्र दाभोलकरांच्या हत्येनंतर २०१३ मध्ये महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा आला. भूत उतरवण्याच्या नावाखाली बांधणं-मारणं हा गुन्हा ठरला. २०१७ च्या केंद्रीय कायद्यानं मनोरुग्णाला साखळीनं बांधायलाच मनाई केली. गुजरातेत उनावा इथं मीरा दातार दर्ग्यात ‘दवा-दुवा’ उपक्रमातून मुजावरच रुग्णाला डॉक्टरकडे पाठवू लागले. दुवा सोडायला कुणी सांगितलं नाही. तिच्या शेजारी दवा आणून ठेवली.

साखळी कायद्यानं तुटते. सोबत मात्र कायद्यानं देता येत नाही. ती घरच्यांनाच द्यावी लागते.