मानमोडी : १९१८ च्या मुंबईत 'गर्दी टाळा' कुणाला जमलं?

फ्लूची साथ आली की सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक मेसेज फिरतोच. गर्दीत जाऊ नका, खिडक्या उघड्या ठेवा, ताप असेल तर घरी थांबा. सल्ला बरोबरच आहे. पण साधारण असाच सल्ला शंभर वर्षांपूर्वी मुंबईकरांनाही मिळाला होता. तेव्हा तो कुणाला पाळता आला आणि कुणाला नाही, त्याची ही गोष्ट.

साल १९१८. पहिलं महायुद्ध संपत आलेलं. मे महिन्याच्या शेवटी सैनिकांना घेऊन एक जहाज मुंबई बंदरात लागलं. १० जूनला गोदीवर ड्यूटी करणारे सात पोलीस शिपाई तापाने हॉस्पिटलात भरती झाले. हा ताप मलेरियाचा नव्हता. बघता बघता गोदी कामगार आजारी पडले, मग इतर ठिकाणचे. मुंबईचे हेल्थ ऑफिसर टर्नर म्हणत होते, आजार जहाजातून आला. सरकारी बाजू म्हणत होती, छे, सैनिकांनाच तो मुंबईत लागला! साथ मात्र या वादाचा निकाल लागायची वाट बघत थांबली नाही.

जूनची लाट त्यातल्या त्यात सौम्य होती. सप्टेंबरमध्ये आली ती दुसरी, आणि ती भयंकर होती. ६ ऑक्टोबरला एका दिवसात मुंबईत ७६८ माणसं गेली. रेल्वेने आजार गावोगाव पोचवला. त्या वर्षी पाऊसही दगा देऊन गेला होता, धान्य महागलं होतं. देशभरात किमान सव्वा कोटीच्या आसपास लोक गेले असं मानतात, काही अंदाज तर पावणेदोन कोटींच्या वर जातात. आपल्याकडे लोक या साथीला 'मानमोडी' म्हणायचे. नावातच सगळं आलं.

हातात काय होतं? लस नाही, अँटिबायोटिक नाही. माणसातला फ्लूचा विषाणू सापडला तोच मुळी १९३३ साली. म्हणजे उरलं एकच, माणसाला माणसापासून लांब ठेवणं.

जबरदस्ती करायची तर प्लेगची आठवण ताजी होती. १८९६ च्या ऑक्टोबरमध्ये गिरणी कामगारांच्या जमावाने आर्थर रोडच्या हॉस्पिटलवर, म्हणजे आजच्या कस्तुरबावर, हल्ला केला होता. पुढच्या वर्षी पुण्यात घरात घुसून होणाऱ्या तपासण्यांनी लोक संतापले आणि चापेकर बंधूंनी रँडवर गोळ्या झाडल्या. त्यामुळे १९१८ मध्ये भर राहिला तो सल्ल्यावर : गर्दी टाळा, साथ असलेलं घर सोडा, मोकळ्या हवेत झोपा.

आता हा सल्ला परळच्या चाळीतल्या एका खोलीत नेऊन बघा. तिथेच चूल, तिथेच झोप, आणि सात-आठ माणसं. गर्दी टाळायची तर जायचं कुठे? मिलमध्ये खाडा झाला की त्या दिवसाचा पगार गेला. आणि फ्लूत माणूस बरेचदा मागून होणाऱ्या न्यूमोनियाने जातो. तेव्हा विश्रांती लागते, पाणी-पेज द्यायला कुणीतरी लागतं. खोलीतले सगळेच आडवे झाले तर पाणी देणार कोण?

त्या साथीतले मुंबईचे मृत्यूचे आकडे समाजवार नोंदवलेले आहेत. माझं दिवसभराचं काम लॉग वाचण्याचं, त्यामुळे असा तक्ता दिसला की नजर आधी विचित्र आकड्यावर जाते. दर हजारी मृत्यू बघा. युरोपियन ८.३, पारशी ९, मुसलमान १९.२, सवर्ण हिंदू १८.९. आणि ज्यांना त्या तक्त्यात 'खालच्या जातीचे हिंदू' म्हटलंय, त्यांच्यात ६१.६. शहर एक, हवा एक, विषाणू एक. मृत्यूत मात्र सात पटींहून जास्त फरक. विषाणूला जात कळत नाही. खोली, पगार आणि जेवण मात्र जातीप्रमाणेच वाटलं गेलं होतं.

मग मदतीला धावलं कोण? बऱ्याच ठिकाणी शहरातलेच लोक. ना. म. जोशींनी १९११ मध्ये सुरू केलेली सोशल सर्व्हिस लीग, वेगवेगळ्या जाती-समाजांच्या संस्था, कार्यकर्ते. त्यांनी मदत केंद्रं उघडली, वस्त्यांमध्ये औषधं वाटली. या औषधांनी विषाणू मरत नव्हता. पण कुणीतरी दारात येऊन विचारपूस करतंय, आजारी माणसाला काय हवं-नको बघतंय, याने त्या माणसाला अंथरुणात पडून राहणं थोडं तरी शक्य होतं. माझ्या मते साथ रोखण्याचं खरं काम इथे सुरू होतं. नुसतं 'घरी थांबा' म्हणून भागत नाही, थांबणं परवडेल असंही करावं लागतं.

आज आपल्याकडे लस आहे, मास्क आहे, १९१८ पेक्षा कितीतरी जास्त माहिती आहे. वयस्कर मंडळी, गरोदर बायका, दमा किंवा डायबेटीस असलेले लोक यांनी डॉक्टरांना विचारून लस घ्यावीच. पण पुढच्या वेळी ग्रुपवर तो मेसेज आला की खाली अजून एक ओळ टाका : 'कामाला येणाऱ्या मावशी आणि वॉचमन काका तापाने घरी राहिले, तर त्यांचा खाडा धरायचा नाही.' आणि वरच्या मजल्यावर एकटे राहणारे आजोबा आजारी पडले, तर जेवणाचा डबा दाराशी कोण ठेवणार, हेही आधीच ठरवून टाका.

तुमच्या घरात आजी-पणजीकडून मानमोडीची एखादी आठवण आलेली असेल तर आम्हाला नक्की पाठवा. भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या, आणि शेजाऱ्याचीही घ्या!