नख म्हणजे दात नव्हे

बसवलेले जेलचे नख आठ-दहा दिवसांत मुळाशी सुटू लागले, की पार्लरमध्ये पहिला संशय जेलच्या बाटलीवर जातो आणि दुसरा ग्राहकाच्या भांडी घासण्यावर. कृत्रिम नखांचा सत्तर वर्षांचा इतिहास मात्र तिसरीकडेच बोट दाखवतो. हा धंदा दंतवैद्याच्या दवाखान्यातून आला. तिथले प्लास्टिक त्याने घेतले, पण ते धरून ठेवण्याचे शास्त्र अर्धेच घेतले. आणि जे घेतले तेही दातासाठी घडलेले होते. दात वाकत नाही, पाणी पिऊन फुगत नाही, पुढे सरकत नाही. नख हे तिन्ही करते. लवकर सुटणाऱ्या आणि मोडणाऱ्या नखांमागे बहुतेक वेळा हा विसरलेला फरकच सापडतो.

1950च्या दशकात फ्रेडरिक स्लॅक या अमेरिकी दंतवैद्याने आपले मोडलेले नख दातांच्या अॅक्रिलिकने सांधले, तिथून या धंद्याची कुळकथा सांगितली जाते. त्याच दशकात, 1955 मध्ये, मायकेल ब्युनोकोर या दंतसंशोधकाने दाखवून दिले, की दाताच्या कवचावर आधी फॉस्फरिक आम्ल लावले तर अॅक्रिलिक कितीतरी जास्त काळ टिकते. म्हणजे पकड नुसत्या मसाल्यात नसते, ती पृष्ठभागाच्या तयारीत असते. आपल्याकडच्या कल्हईवाल्याला हे सांगावे लागले नसते. भांडे घासून, तापवून, नवसागर फिरवल्याशिवाय तो कथलाला हात लावत नसे. पुढे 1979 मध्ये कॅलिफोर्नियात ‘क्रिएटिव्ह नेल डिझाइन’ ही कंपनी एका दंतवैद्याच्या घरातूनच निघाली. दातांचे साहित्य विकणारी ‘ओपीआय’ 1981 पासून नखांकडे वळली. तिचा सुरुवातीचा माल म्हणजे रबरबँडने एकत्र बांधलेल्या तीन बाटल्या: पावडर, द्रव आणि पकडीसाठी आधी लावायचा प्रायमर. दवाखान्याची पद्धत जणू त्या रबरबँडमध्ये बांधून पार्लरच्या टेबलावर आली. हाताखाली आता दात नव्हता, एवढाच काय तो बदल.

सुटण्यावरचा पहिला उपाय म्हणजे पकड वाढवणे, असेच तेव्हा कुणालाही वाटले असते. त्याचे काय झाले हे मेथिल मेथाक्रिलेटच्या प्रकरणात दिसते. दातांच्या कवळ्यांसाठी वापरले जाणारे हे रसायन नखांवर घट्ट बसे आणि दगडासारखे कडक होई. 1970च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाकडे नखे खराब आणि वेडीवाकडी झाल्याच्या, त्वचेला दाह झाल्याच्या तक्रारी आल्या. शंभर टक्के मेथिल मेथाक्रिलेट असलेला माल मग न्यायालयीन कारवाईने बाजारातून हटवावा लागला आणि त्याची जागा हळूहळू एथिल मेथाक्रिलेटने घेतली. यातला धडा साधा आहे. दारात बोट अडकले, तर प्लास्टिक मोडायला हवे. इथे प्लास्टिक शाबूत राही आणि खालचे नख उखडून निघे. प्रायमरचीही तीच तऱ्हा. त्यातल्या मेथाक्रिलिक आम्लाने लहान मुले भाजल्याचे प्रकार घडले, म्हणून 1999 मध्ये अमेरिकेत अशा मालाला मुलांना न उघडणारी झाकणे सक्तीची झाली.

यावर आक्षेप येईल, की ही जुनी रसायने झाली. आजच्या जेलने तो प्रश्न मिटवला. मिटवला नाही, त्याची जागा बदलली. दिव्याखाली कडक होणारी जेल 1980च्या दशकात आली. तीही दातांच्या प्रकाशाने कडक होणाऱ्या भरावांची चुलत बहीण. जेलमधले रसायन ठरावीक लहरींच्या प्रकाशालाच दाद देते. दिवा दुसऱ्या जातीचा असला किंवा थर जाड दिला, तर वरून चकचकीत दिसणारे जेल तळाशी कच्चे राहते. कच्चा तळ लवकर सुटतो, आणि न जुळलेले रेणू त्वचेला लागून अॅलर्जीही होऊ शकते. पकड वाढवणाऱ्या ‘हेमा’ या घटकावर युरोपीय संघाने 2021 पासून निर्बंध घातले. ‘हेमा’ असलेली नखांची उत्पादने आता तिथे फक्त व्यावसायिकांनी वापरायची असतात. क्युटिकलवर, म्हणजे नखाच्या मुळाशी असलेल्या कातडीवर, सांडलेले जेल हे सुटणे आणि अॅलर्जी एकत्र येण्याचे चांगले उदाहरण. कड तिथूनच उचलते आणि त्वचेचा संपर्कही तिथेच होतो. एकाच निष्काळजीपणाची ही दोन फळे.

मग जोरात फाइल मारून नख खडबडीत करावे का? तसे करणारे बरेच आहेत, आणि त्यांचे नख आणखी लवकर सुटते. घासून पातळ झालेले नख जास्त वाकते, वरचे जेल तेवढे वाकत नाही, आणि ताण नेमका सांध्यावर येतो. बसवण्याआधी बोटे कोमट पाण्यात बुडवून ठेवण्याचा जुना मॅनिक्युअरचा शिरस्ताही असाच नडतो. फुगलेले नख सुकताना आकसते आणि वरचे कवच सैल पडते. ग्राहकाला दोष देणाऱ्यांचेही थोडे खरे आहे. नखाने डबा उघडला, की लांब टोक तरफेसारखे काम करते. पण तरफेचा जोर पेलायला जाडीचा उंचवटा, म्हणजे एपेक्स, नख बोटापासून सुटते तिथे असावा लागतो, आणि तो घडवणे कारागिराच्या हातात असते.

प्लास्टिक नखाआधी मोडावे, म्हणून सुटणे चालायचेच, असाही अर्थ नाही. उचललेल्या कडेखाली ओल साचते, तिथे स्यूडोमोनास जिवाणू वाढून नख हिरवे पडते. म्हणून नख कुठे सुटले हे आधी पाहावे. मुळाशी सुटले असेल तर क्युटिकल नीट निघाली नव्हती किंवा जेल कातडीवर गेले होते. मधोमध मोडले असेल तर एपेक्स चुकला होता. आणि तीन आठवड्यांनी मुळाशी दोन मिलिमीटर मोकळे नख दिसले, पण जेलची कड खाली घट्ट असली, तर काहीच चुकलेले नाही. बोटाचे नख महिन्याला साधारण तीन मिलिमीटर वाढते. एपेक्सही त्याबरोबर पुढे सरकलेला असतो, म्हणून रिफिल करायचे. दाताला हे कधीच लागले नसते.