पवनीचे मडके आणि झिर्कोनियाचा दात

१/ दातावर बसवायची पांढरी ‘कॅप’ आता संगणकावर आखतात आणि यंत्राने कोरतात. तोंडाचा स्कॅन, पडद्यावरची आकृती, गरगर फिरणारे हत्यार, सारेच नवे. पण या कामातील अवघड प्रश्न संगणकाहून फार जुना, भट्टीचा आहे. त्याचा माग भंडारा जिल्ह्यातूनही घेता येतो.

२/ वैनगंगेकाठचे पवनी. १९६९-७० मध्ये शां. भा. देव आणि जगत्पती जोशी यांच्या उत्खननात येथील प्राचीन बौद्ध स्तूप उजेडात आले. अशा ठिकाणी स्तूपांइतकीच बोलकी असतात ती खापरे. माती वाळताना आकसते, भाजताना आणखी आकसते. म्हणून कुंभार हवे त्याहून थोडे मोठेच मडके घडवतो. हा हिशेब त्याच्या बोटांत असतो.

३/ आता १९८५ चे झुरिच. वेर्नर म्योरमान आणि मार्को ब्रांदेस्तिनी यांनी दातातील पोकळीची प्रतिमा घेऊन, तिच्या मापाचा तुकडा यंत्राने कोरून, एकाच बैठकीत रुग्णाला बसवला. त्यांचा ठोकळा फेल्डस्पारयुक्त सिरॅमिकचा, आधीच पूर्ण भाजलेला. आकसण्याचा प्रश्नच नव्हता. मात्र पदार्थ ठिसूळ. दाढांच्या लांब पुलाला तो पुरा पडेना.

४/ उत्तर मिळाले झिर्कोनियात. क्लापरोथ या जर्मन रसायनज्ञाने १७८९ मध्ये सिलोनच्या झिरकॉन रत्नात त्याचा शोध लावला होता. शुद्ध झिर्कोनिया भट्टीतून निवताना फुगतो आणि तडकतो. थोडा इट्रिया मिसळला की हे फुगणे थोपते. १९७५ मध्ये ऑस्ट्रेलियातील गार्वी आणि सहकाऱ्यांनी या दोषाचेच बळ दाखवून दिले: तडा जाऊ लागताच त्याच्या टोकाशी असलेले कण सुमारे ४ टक्क्यांनी फुगतात आणि तडा दाबून धरतात. पदार्थविज्ञानातील इतकी देखणी कल्पना मला दुसरी आठवत नाही.

५/ परंतु पूर्ण भाजलेला झिर्कोनिया कोरताना हत्यारे झिजतात. म्हणून खडूसारख्या मऊ, अर्ध्या भाजलेल्या चकतीतून कॅप कोरतात आणि मग सुमारे १५०० अंश सेल्सिअसला भाजतात. ती प्रत्येक दिशेने जवळपास एक-पंचमांश आकसते. त्यामुळे संगणक ती आधीच सुमारे सव्वापट मोठी आखतो. नेमका गुणक चकतीगणिक वेगळा, चकतीवरच छापलेला. तो चुकला तर कॅप बसतच नाही, किंवा कडेला फट राहून आतल्या दाताला कीड लागते. (‘प्राचीन भारतात डिजिटल दंतशास्त्र होते’ असा संदेश कृपया पुढे पाठवू नये. कुंभाराचे मडके थोडे लहान झाले तरी पाणी धरते. कॅपला ती मुभा नाही.)

६/ आकसण्यावरचा एक उतारा मात्र भंडाऱ्याच्या भूगर्भातच आहे. भूवैज्ञानिक ज्याला साकोली समूह म्हणतात, त्या खडकांत कायनाइट सापडते. सुमारे १३०० अंशांपुढे ते म्युलाइटमध्ये बदलू लागते आणि चक्क फुगते. भट्ट्यांच्या अस्तराच्या विटा करणारे ते मातीत मिसळतात, ते याचसाठी: माती जितकी आकसेल, तितके कायनाइट भरून काढते.