सप्लाय चेन स्ट्रॅटेजी म्हणजे काय? नोकिया, एरिक्सन आणि दहा मिनिटांची आग

कच्चा माल कुठून घ्यायचा, किती साठवायचा आणि तयार वस्तू गिऱ्हाइकापर्यंत कशी पोहोचवायची, या सगळ्या साखळीला सप्लाय चेन म्हणतात. बिझनेस प्लॅनमध्ये हा भाग बहुतेक वेळा शेवटी येतो आणि त्यात प्रश्न एकच असतो, स्वस्तात कसं पडेल? पण कधीकधी याच साखळीमुळे एक कंपनी दुसरीच्या पुढे निघून जाते. मोबाईलच्या जगातलं याचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण २००० सालचं आहे.

नेमकं काय झालं?

१७ मार्च २००० रोजी अमेरिकेतल्या आल्बुकर्की शहरात वीज कोसळली आणि त्यातून फिलिप्सच्या चिप कारखान्यात छोटी आग लागली. ती साधारण दहा मिनिटांत विझलीसुद्धा. खरं नुकसान केलं ते धूर आणि पाण्याने. चिप क्लीन रूममध्ये बनते आणि तिथे धुळीचा एखादा कणही वेफर खराब करू शकतो. लाखो मोबाईलच्या चिप वाया गेल्या.

नोकिया आणि एरिक्सन ही या कारखान्याची दोन मोठी गिऱ्हाइकं. फिलिप्सने दोघांनाही तेच सांगितलं: आठवडाभर उशीर होईल.

नोकियाने या शब्दावर विसंबून न राहता त्या पार्ट्सना खास नजरेखाली ठेवलं आणि रोज फिलिप्सकडे विचारणा सुरू केली. प्रकरण महिन्यांचं आहे हे कळताच जे पार्ट दुसरे सप्लायर बनवत होते ते त्यांच्याकडून मागवले. जे फक्त फिलिप्सच बनवायची, त्यांच्यासाठी थेट वरिष्ठ पातळीवर बोलून नेदरलँड्समधल्या आइंडहोव्हनसह तिच्या इतर कारखान्यांतली जागा मिळवली. काही चिपचं डिझाइनही बदललं, म्हणजे त्या दुसरीकडे बनवता येतील.

एरिक्सनने खर्च कमी करण्यासाठी आधीच्या वर्षांत पर्यायी सप्लायर कमी केले होते. त्यात बातमी वरच्या साहेबांपर्यंत पोहोचायला कित्येक आठवडे गेले. तोवर मोकळी क्षमता नोकियाने बुक केली होती. एरिक्सनची सुमारे ४० कोटी डॉलरची विक्री बुडाली आणि २००१ मध्ये तिचा मोबाईल व्यवसाय सोनीबरोबरच्या भागीदारीत गेला. सगळा दोष आगीचा नाही, तिच्या हँडसेटच्या इतर अडचणीही होत्याच. पण माझ्या मते यात पर्यायी सप्लायरइतकंच महत्त्व बातमी किती वेगाने वर गेली याला आहे.

प्लॅनिंगमध्ये हे कसं मोजायचं?

एमआयटीचे प्राध्यापक डेव्हिड सिम्ची-लेव्ही यांनी यासाठी एक सोपी पद्धत मांडली आणि फोर्डमध्ये ती वापरली गेली. प्रत्येक पार्टसाठी दोन आकडे काढायचे. सप्लायर बंद पडला तर पुरवठा पुन्हा सुरू व्हायला किती दिवस लागतील? आणि तोपर्यंत आपण किती दिवस तग धरू? पहिला आकडा मोठा असेल तर तिथे धोका आहे.

समजा तुम्ही पंपाचे कंट्रोलर बनवता. पत्र्याचा बॉक्स महाग आहे, पण तो कुठलाही फॅब्रिकेटर आठवड्यात करून देईल. उलट ४० रुपयांची एक चिप एकाच ठिकाणाहून येते. स्टॉक २० दिवसांचा, पर्याय मिळायला ९० दिवस. म्हणजे ७० दिवस लाइन बंद! परचेसवाले मात्र यादी किमतीप्रमाणे लावतात, त्यामुळे ही चिप तळाशी राहते. (आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांचंही असंच. २०१६ मध्ये लेफ्ट-पॅड नावाचं ११ ओळींचं पॅकेज काढून टाकल्यावर जगभरात बिल्ड अडकले होते.)

मग सगळंच साठवायचं का? नाही, त्यात पैसा अडकतो. टोयोटा तर कमीत कमी साठ्यासाठी प्रसिद्ध. पण २०११ च्या भूकंपानंतर तिने सप्लायरना निवडक चिपचा दोन ते सहा महिन्यांचा साठा ठेवायला सांगितलं. त्यामुळे २०२१ च्या सुरुवातीला चिपअभावी इतर कंपन्यांच्या लाइन थांबत असताना टोयोटाचं बरं चाललं होतं. पुढे टंचाई लांबली, आग्नेय आशियातले कारखाने कोविडमुळे बंद पडले आणि त्या सप्टेंबरमध्ये टोयोटालाही ठरलेलं जागतिक उत्पादन सुमारे ४० टक्क्यांनी कमी करावं लागलं.