गळका रेडिएटर आणि पितळेचे शहर : एका गळतीचा इतिहास

१/
आमच्या घरच्या जुन्या डिझेल गाडीचा रेडिएटर दोन वर्षांत चार वेळा गळला आणि चारही वेळा आम्ही तो झाळून घेतला. पाचव्यांदा गळला, तेव्हा आजीला तपासणीसाठी भंडाऱ्याहून नागपूरला नेत होतो. वैशाखातील दुपार. मौद्याच्या अलीकडे तापमानाचा काटा लाल रेघेला टेकला आणि बॉनेटच्या फटींतून वाफ येऊ लागली. त्या दिवशीची वेळ टळली, ती महिनाभराने पुन्हा मिळाली. #धागा

२/
‘पुन्हा तिथेच का?’ हा प्रश्न बाबांनी मेकॅनिकला विचारला. मला तो इतिहासाचा प्रश्न वाटला. घटना आणि तिचे कारण यांत फरक करावा, हे आपण पहिल्या वर्षीच शिकतो. छिद्र ही घटना आहे. तिच्यामागची कारणे शोधताना सव्वाशेहून अधिक वर्षे मागे जावे लागले आणि वाटेत भंडाराही लागले. तो प्रवास आज क्रमाने मांडतो.

३/
प्रथम मूळ अडचण. इंजिनात जळणाऱ्या इंधनाची सगळी उष्णता चाके फिरवण्याच्या कामी येत नाही. साधारण तिसरा भाग इंजिनाभोवती फिरणाऱ्या पाण्यात उतरतो. ती उष्णता बाहेर काढली नाही, तर धातू प्रसरण पावून दट्ट्या अडकतो. मोटारीचा इतिहास हा जसा इंजिनाचा इतिहास आहे, तसाच तो पाण्याचाही आहे.

४/
कार्ल बेंझ यांनी २९ जानेवारी १८८६ रोजी ज्या तीनचाकी मोटारीचे पेटंट मागितले, तिला आजच्या अर्थाने रेडिएटर नव्हताच. पाणी इंजिनाभोवती तापे, उकळे आणि वाफ होऊन निघून जाई. चुलीवरच्या आधणासारखाच हा प्रकार. पाणी कमी झाले की वरून ओतायचे. म्हणजे पहिल्या मोटारीत पाणी संपणे हा बिघाड नसून नेहमीचा क्रम होता.

५/
ऑगस्ट १८८८ मध्ये त्यांच्या पत्नी बेर्था बेंझ ऑयगेन आणि रिशार्ड या मुलांना घेऊन मानहाइमहून फोर्झहाइमला आपल्या माहेरी निघाल्या. अंतर सुमारे १०० किलोमीटर. वाटेत इंधन औषधाच्या दुकानातून घ्यावे लागले आणि पाणी तर वारंवार भरावे लागले. मोटारीच्या इतिहासातील हा पहिला लांबचा प्रवास म्हणजे एका कुटुंबाचा प्रवास होता आणि त्याचा वेग पाण्याने ठरवला. मौद्याजवळ कॅन हातात घेऊन हॉटेल शोधताना मला या बाईंची आठवण झाली.

६/
या अडचणीवर निर्णायक उत्तर काढले ते डाइमलर कंपनीतील विल्हेल्म मायबाख यांनी. १९०१ च्या मर्सिडीज ३५ अश्वशक्तीच्या गाडीसाठी त्यांनी मधाच्या पोळ्यासारखा दिसणारा रेडिएटर रचला. ६ मिलिमीटर बाजूच्या ८,०७० चौकोनी नळ्या एकमेकींना जोडलेल्या. नळ्यांतून वारा जाई आणि त्यांच्या मधल्या अरुंद फटींतून पाणी. एवढ्या मोठ्या पृष्ठभागामुळे अवघ्या ९ लिटर पाण्यात काम भागू लागले.

७/
या यशाची किंमतही तेव्हाच ठरली. आठ हजार नळ्या म्हणजे हजारो सांधे. प्रत्येक सांधा पातळ, प्रत्येक सांधा तापणारा, गार होणारा आणि खड्ड्यांत हादरणारा. पुढे पोळ्याची जागा उभ्या चपट्या नळ्या आणि त्यांच्यामधल्या नागमोडी पत्र्यांनी घेतली, तरी तत्त्व तेच राहिले. जिथे उष्णता लवकर बाहेर पडावी म्हणून धातू पातळ केला, तिथेच गळतीलाही वाट मिळाली.

८/
नळ्या आणि टाक्या पितळेच्या, मधले पत्रे तांब्याचे, अशी रचना विसाव्या शतकात बराच काळ रूढ होती. तांबे उष्णता फार चांगली वाहून नेते, तर पितळेला हवा तो आकार देता येतो. दोन्ही धातू कथील-शिशाच्या मिश्रणाने सहज सांधले जातात. योग्य प्रमाणातले हे मिश्रण १८३ अंश सेल्सिअसला वितळते, तर पितळ वितळायला ९०० अंशांच्या आसपास जावे लागते. या अंतरामुळेच साध्या दिव्यावर रेडिएटर दुरुस्त करणे शक्य झाले.

९/
आता भंडारा. वैनगंगेकाठच्या या गावाला ‘पितळेचे शहर’ म्हणतात. रतनपूरच्या बाराव्या शतकातील शिलालेखात ‘भाणारा’ असे नाव येते आणि ‘भाणे’ म्हणजे धातूचे ताट वा भांडे या शब्दाशी त्याचा संबंध जोडण्याची प्रथा आहे. व्युत्पत्ती काहीही असो, गुंड, घागरी, परात, गंगाळ घडवणाऱ्या कारागिरांनी या गावाला ओळख दिली, हे खरे. पाणी साठवणारे पितळ हेच इथले पिढीजात काम.

१०/
पितळेच्या भांड्याला कल्हई करताना कारागीर काय करतो, ते आठवा. प्रथम भांडे घासून लख्ख करायचे, मग भात्याच्या विस्तवावर तापवायचे, नवसागराने पृष्ठभाग स्वच्छ करायचा आणि शेवटी कथील फिरवायचे. रेडिएटर झाळणारा हाच क्रम पाळतो. नवसागराऐवजी बहुधा आम्लात जस्त विरघळवून केलेले द्रावण वापरतो, एवढेच. मळावर कथील बसत नाही, हा दोन्ही धंद्यांचा पहिला धडा.

११/
आमच्या चार दुरुस्त्यांत हाच धडा विसरला गेला. घाई आमचीच होती. ‘संध्याकाळपर्यंत गाडी द्या’ असा आग्रह आम्ही दरवेळी धरला. रेडिएटर न उतरवता, हिरवट क्षार पुरते न खरवडता, वरून झाळ दिली गेली. ती धातूला चिकटण्याऐवजी क्षाराला चिकटली आणि क्षार सुटताच तीही सुटली. हे झाले पहिले कारण. पण झाळ सुटण्याआधी मूळ भेग पडली कशाने?

१२/
त्यासाठी पाण्याकडे पाहावे लागते. या जिल्ह्यात उष्णता आणि पाण्याचा खेळ मोटारीच्या आधी रेल्वेने आणला. १८८० च्या दशकात नागपूर-छत्तीसगड ही मीटरगेज रेल्वे इथून गेली. १८८७ मध्ये स्थापन झालेल्या बंगाल-नागपूर रेल्वेने तिचे ब्रॉडगेज केले. वरठीचे भंडारा रोड स्थानक याच मार्गावरचे. वाफेच्या इंजिनांचा नित्याचा शत्रू होता जड पाण्यातील क्षारांचा थर. तो उष्णता अडवतो, म्हणून बॉयलर ठरावीक काळाने धुवावेच लागत.

१३/
रेल्वेने जे शिस्त म्हणून पाळले, ते आपण घरच्या गाडीत सहज विसरतो. आमच्या गाडीत वर्षानुवर्षे बोअरचे पाणी पडत होते. पाणी कमी झाले की नव्याने भरायचे, म्हणजे दरवेळी नवे क्षारही भरायचे. त्यांनी खालच्या नळ्या बुजवल्या. उरलेल्या नळ्यांवर भार आला, तापमान वाढले आणि वाढलेल्या तापमानाने सांधे सैल केले. गळतीमुळे पाणी भरावे लागे आणि त्या पाण्यामुळेच गळती वाढे.

१४/
यात हळदीचीही भर पडली. रेडिएटरमध्ये मूठभर हळद टाकली की गळती थांबते, हे आपल्याकडील ट्रकचालकांचे जुने ज्ञान. अन्यत्र याच कामी अंड्याचा पांढरा बलक वा मिरपूड वापरली गेली. कण पाण्याबरोबर वाहतात, फुगतात आणि भेगेत अडकतात. मुक्काम गाठण्यापुरता हा उपाय खरोखर चालतो. पण कणांना भेग आणि नळी यांतला फरक कळत नाही. ते दोन्ही बुजवतात.

१५/
दुसरा धागा विजेचा. १८२४ मध्ये सर हम्फ्री डेव्ही यांनी ब्रिटिश नौदलाच्या जहाजांवरील तांब्याचे पत्रे समुद्रात झिजू नयेत म्हणून त्यांना जस्ताचे वा लोखंडाचे तुकडे जोडून पाहिले. खाऱ्या पाण्यात दोन धातू जोडलेले असले की एक झिजतो आणि दुसरा वाचतो, हे त्यामागचे तत्त्व. रेडिएटरच्या मंडलात लोखंड, तांबे, पितळ, कथील, शिसे असे सारे एकत्र आणि मध्ये क्षारयुक्त पाणी. पितळेतले जस्त या व्यवहारात हळूहळू निघून जाते आणि मागे सच्छिद्र तांबे उरते.

१६/
म्हणूनच कूलंट. त्यातील एथिलीन ग्लायकॉल हा पदार्थ फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ शार्ल आदोल्फ वुर्त्झ यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात तयार केला. मोटारीत तो १९२० च्या दशकात रुळला, तो पाणी गोठू नये म्हणून. ‘भंडाऱ्यात पाणी कुठे गोठते?’ असे म्हणून आम्ही ते टाळले. पण धातूची झीज रोखणारी द्रव्येही कूलंटमध्येच असतात आणि त्यामुळे पाण्याचा उत्कलनबिंदूही वाढतो. मात्र ते गोड चवीचे विष आहे. मुले आणि जनावरे यांच्यापासून ते दूरच ठेवावे.

१७/
तिसरा धागा दाबाचा. रेडिएटरचे झाकण हे केवळ झाकण नसून स्प्रिंग बसवलेली झडप असते. बाहेरच्या हवेपेक्षा १ बार अधिक दाब ठेवला, तर पाणी १०० ऐवजी सुमारे १२० अंशांना उकळते. चुकीच्या क्षमतेचे झाकण बसले, तर अशक्त सांध्यांवर नको तेवढा ताण येतो. याच कारणाने तापलेल्या गाडीचे झाकण उघडू नये. दाब सुटताक्षणी आतले पाणी वाफ होऊन अंगावर उसळते.

१८/
पाचव्या वेळी आम्ही क्रम बदलला. रेडिएटर उतरवला. हवेचा दाब देऊन तो पाण्यात बुडवला, तेव्हा बुडबुडे एका नव्हे, तीन ठिकाणांहून आले. टाकी उघडून नळ्यांतून सळ्या फिरवल्या, तर पिवळट किटण निघाले. त्यात आमची हळदही असावी. खालचे रबरी आधार झिजून गेले होते, त्यामुळे प्रत्येक हादरा थेट वरच्या सांध्यावर बसत होता. छिद्र तिथेच पुन्हा का पडे, याचे उत्तर त्या दोन रबरांत होते.

१९/
मग क्षार खरवडून नीट झाळ दिली, रबर आणि झाकण बदलले, जुने होज पाईप टाकून दिले आणि शुद्ध केलेल्या पाण्यात कूलंट मिसळून भरले. काम करणारे काका साठीचे. त्यांचे वडील भांड्यांना कल्हई करत. झाळ देताना ते एवढेच म्हणाले, “भांडं साफ नसंल तर कथील धरत नाही, बाबू.” गेला उन्हाळा गाडीने काढला आणि आजीच्या सगळ्या तपासण्या वेळेवर झाल्या.

२०/
हे ज्ञान आता सरत चालले आहे. १९७० च्या दशकात युरोपातील मोटारींत ॲल्युमिनियमचा गाभा आणि प्लास्टिकच्या टाक्या असलेले रेडिएटर आले. पुढे तीच पद्धत जगभर पसरली. ते हलके आणि स्वस्त. पण ॲल्युमिनियमवर ऑक्साइडचा चिवट थर असतो. कारखान्यात त्याचे सांधे नायट्रोजनने भरलेल्या भट्टीत ६०० अंशांच्या आसपास जोडतात आणि तो धातू स्वतः ६६० अंशांना वितळतो. १८३ आणि ९०० मधले ते ऐसपैस अंतर इथे उरत नाही. म्हणून गळला की बहुधा बदलायचा.

२१/
स्वयंपाकघरातही हेच घडले. स्टीलच्या भांड्याला कल्हई लागत नाही, म्हणून गृहिणीचे कष्ट वाचले आणि कल्हईवाल्याची फेरी थांबली. जुने ते सारे चांगले, असे मी म्हणणार नाही; शिशाच्या धुरात आयुष्य काढणाऱ्या माणसाला तसे सांगण्याचा मला अधिकार नाही. पण दुरुस्तीचा धंदा जातो, तेव्हा बिघाडाचे कारण वाचण्याची सवयही त्याच्याबरोबर जाते. नवा रेडिएटर बसवला आणि बोअरचे पाणी तसेच राहिले, तर नवाही गळणारच.

२२/
तेव्हा मित्रहो, आपल्या घरची गाडी पुन्हापुन्हा गळत असेल, तर पुढच्या दुरुस्तीपूर्वी एक पान घ्या. केव्हा गळली, कुठून गळली, त्याआधी काय भरले, काय बदलले, हे तारखेनिशी लिहा. आम्ही पाचव्यांदा लिहिले, ते पहिल्यांदाच लिहायला हवे होते. आपल्या गावात पितळ झाळणारे, कल्हई करणारे कोणी उरले असतील, तर त्यांच्याशी बोला आणि त्यांनी सांगितलेले टिपून ठेवा. असे काही हाती लागले, तर या धाग्याखाली जरूर जोडा.