केरांगास

घनदाट अरण्य दिसलें कीं त्याखालील जमीन सुपीक असलीच पाहिजे, हा समज सुशिक्षितांच्या मनांत फार खोल रुजलेला आहे. एकोणिसाव्या शतकांत उष्ण कटिबंधांत गेलेल्या पुष्कळ युरोपीय मळेवाल्यांचा हिशेब याच समजावर उभा होता. बोर्निओ बेटावरील इबान शेतकऱ्यांची भाषा मात्र निराळी साक्ष देते. जेथील झाडें तोडलीं तरी भात पिकत नाहीं, त्या भूमीस ते ‘केरांगास’ म्हणतात. आपला कोंकणांतील कुणबी वरकस जमीन खाचरापासून वेगळी ओळखतो, तशांतलाच हा प्रकार. आणि या एका शब्दांत, आम्हांस वाटतें, एक सबंध भूमिशास्त्र सांठविलेलें आहे.

ही भूमि बहुधा वालुकाश्माच्या पठारावर, नाहीं तर जुन्या नदीकांठच्या उंचवट्यावर असते. पांढऱ्या वाळूंतून पावसाचें पाणी भरभर निथरतें आणि झाडांचीं पोषकद्रव्यें धुऊन नेतें. माती आम्ल होते, नत्राची वाण पडते, ओढे कोऱ्या चहाच्या रंगाचे वाहतात. अशा ठिकाणीं वृक्षांचे माथे ठेंगणे व कातरल्यासारखे एकसारखे, पानें लहान व जाड. घटपर्णी तर किडे पकडून आपली गरज भागविते. तेथून खालीं गाळाच्या सपाटींत उतरावें, तों सारा देखावाच पालटतो. तेथें महावृक्ष इतरांच्या डोक्यांवरून वर निघालेले असतात. एखादा कोसळला कीं त्या भगदाडांतून ऊन जमिनीवर येतें आणि रोपट्यांची धांव सुरू होते.

पी. डब्ल्यू. रिचर्ड्स हे १९३२ सालीं ऑक्सफर्डच्या मोहिमेबरोबर सारावाकमध्यें गेले व दुलित पर्वतावरील हा भेद त्यांनीं १९३६ सालीं शास्त्रीय रीतीनें मांडला. पुढें १९७७-७८ च्या मोहिमेंत मुलू पर्वताभोंवतालच्या चार प्रकारच्या अरण्यांची तुलना झाली. साबामधील सेपिलोक येथें तर विमानांतून लेसर किरण सोडून माथ्यांची उंची मोजण्यांत आली. २०१८ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासांतहि गाळाच्या भूमीवरील छत्र उंच व विस्कळित, वाळूवरचें ठेंगणें व सपाट, असेंच दिसलें. विमान व लेसर यांनीं दिलेला हा निकाल इबान शेतकरी अनवाणी पायांनीं काढीत आला होता!

केरांगासावरील अरण्याची संपत्ति मातींत थोडी, झाडांत व पालापाचोळ्यांत अधिक. तें तोडून जाळलें, कीं राख पावसाबरोबर जाते. पुनःपुन्हां जाळल्यावर मागें विरळ झुडपांचें माळरान उरतें. त्यास मलायी भाषेंत ‘पादांग’ म्हणतात.