मुठेल : कोकमाच्या बीचा इतिहास

आज एका बीविषयी बोलायचंय.

हल्ली क्रीमच्या डब्यांवर ‘फळांच्या टाकाऊ भागापासून बनवलेले’ असं अभिमानानं छापलेलं असतं. संत्र्याची साल, द्राक्षाच्या बिया, आंब्याच्या कोयी आणि त्याच रांगेत आपल्या कोकणातली कोकमाची बी. वाचणाऱ्याला वाटतं, कल्पना अगदी नवी आहे. आता संत्र्याची साल वाळवून दिवाळीच्या उटण्यात घालणाऱ्या घरांना यात नवीन काही वाटणार नाही, ते सोडा. माझा प्रश्न वेगळा आहे. टाकाऊ म्हणजे कोणाच्या हिशेबात टाकाऊ?

कोकमाचा लिखित इतिहास बघितला, तर तो सुरुवातीला सालीच्या मागे चाललेला दिसतो. गार्सिया द ऑर्ता या पोर्तुगीज वैद्याचा ग्रंथ १५६३ साली गोव्यात छापला गेला. त्यात ‘ब्रिंदाँव’ या नावानं हे फळ येतं. गोव्यात आजही त्याला भिरंड म्हणतात, त्यावरून ओळख पटते. ऑर्ताला रस होता तो आंबटपणात, सालीपासून होणाऱ्या शिरक्यात. साहजिक आहे. साल टिकते, जहाजावर चढते, विकली जाते. बी मात्र मागे राहते, अंगणात.

त्या अंगणात काय चालायचं? एप्रिल-मे महिन्यांत फळं फोडायची, सालीला मिठाची आणि रसाची पुटं देऊन आमसुलं करायची. उरलेल्या बिया धुऊन कडकडीत उन्हात वाळवायच्या आणि पावसाळ्याआधी झाकून ठेवायच्या. मग सवड मिळेल तेव्हा वरचं टरफल काढायचं, आतला गर कुटायचा आणि पाण्यात उकळायचा. गराच्या वजनात एक तृतीयांशाहून अधिक स्निग्धांश असतो. तो वर तरंगतो, गार झाल्यावर थिजतो. तो गोळा करून मुठीत दाबून वळायचा, म्हणून त्याचं नाव मुठेल. थंडीत टाचांना भेगा पडल्या, ओठ फुटले, की गोळा जरा गरम करून ते तेल भेगेत भरायचं.

यामागचं कारण सोपं आहे. हे तेल साधारण ३८ ते ४२ अंश सेल्सिअसला वितळतं. म्हणजे कोकणच्या हवेतही घट्ट राहतं, पण थोडी ऊब मिळाली की पातळ होतं. त्वचेवर त्याचा थर बसतो आणि आतला ओलावा उडून जात नाही. बाजारातलं महागडं ‘बटर’ यापेक्षा फार वेगळं काही करत नाही.

विलायतेच्या पुस्तकांत ही बी दिसते ती एकोणिसाव्या शतकात. फ्लुकिगर आणि हॅनबरी या दोघांचा ‘फार्माकोग्राफिया’ हा औषधी द्रव्यांवरचा ग्रंथ १८७४ साली लंडनहून निघाला. त्यात कोकमाच्या तेलावर स्वतंत्र नोंद आहे. मलमांसाठी ते चांगलं, असं ते म्हणतात. मेणबत्त्यांसाठीही चांगलं, कारण त्यातून स्टिअरिक आम्ल सहज आणि शुद्ध मिळतं. पण मोठ्या उद्योगाला पुरेल इतकं हे तेल मिळेल का, याची त्यांना दाट शंका होती. ही शंका मला फार बोलकी वाटते. कारखान्याला पुरेल इतकं नाही, पण घराला पुरेल इतकं होतंच की! लंडनच्या हिशेबात ‘थोडं’ होतं, ते घरातल्या बाईच्या हिशेबात वर्षभराची बेगमी होतं.

पुढे हिशेब बदलला. युरोपीय संघानं २००० साली चॉकलेटविषयीचे नियम केले. कोकोच्या स्निग्धाऐवजी ५ टक्क्यांपर्यंत चालतील अशी सहा वनस्पतिजन्य स्निग्धं त्यांत नावानिशी दिली. त्यांत आंब्याच्या कोयीचं आहे आणि कोकमाचंही आहे. इकडे सौंदर्यप्रसाधनांतही त्याची मागणी वाढली. आता बिया पोत्यानं गोळा होतात, कारखान्यात तेल निघतं, शुद्ध होऊन पांढरंशुभ्र आणि बिनवासाचं होतं.

यात वाईट काय? एका अर्थी काहीच नाही. मुठेल करणं हे अतोनात कष्टाचं काम होतं. कुटून कुटून खांदे भरून यायचे आणि हाती यायचे चार गोळे. त्या कष्टांचे गोडवे आपण खुर्चीत बसून गाऊ नयेत. ते सुटले तर चांगलंच झालं.

पण एक गोष्ट लक्षात ठेवा. ‘टाकाऊ’ हा शब्द नुसतं वर्णन करत नाही, तो भाव ठरवतो. बी टाकाऊ ठरली की ती देणाऱ्याला टाकाऊचा दर मिळतो, आणि तीच बी डबीत गेली की दुर्मीळ ठरते. मधल्या काळात ती वाळवायची कशी, फोडायची कशी, कशाला लावायची हे ज्यांनी शोधलं, त्यांचं नाव ना पुस्तकात आहे, ना डबीवर.

म्हणून पुढच्या वेळी तो डबा हातात आला, तर तेवढा एक शब्द दुरुस्त करून वाचा. ती बी कोकणातल्या घरांनी कधी टाकलेलीच नव्हती.